आपलं उभं, त्यांचं उभं

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच. या पानावर मी कित्येक वर्षं नुसता वाचक आहे. इतरांचे अनुभव वाचतो, कधी हसतो, कधी रात्री दिवा चालू ठेवून झोपतो, पण स्वतः कधी एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसलो की हात थांबायचा. का थांबायचा ते पुढे कळेलच.

बहुतेक जण सुरुवातीला सांगतात की माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. माझा अजूनही नाही. मी मेंटेनन्सचा माणूस. मशीन थांबलं तर त्याला कारण असतं, आवाज आला तर कुठेतरी काहीतरी घासत असतं. आयुष्यभर हेच केलं… आणि तरीही या एका गोष्टीचं कारण मला सापडलेलं नाही.

मी मूळचा धुळे जिल्ह्यातला. सुरतेला पांडेसऱ्यात एका डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये फिटर होतो, राहायला लिंबायतला. प्लेगची पळापळ होऊन गेली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आमचे शेठ नटुभाई. माणूस हौशी. हजिऱ्याकडे कुठल्याशा प्रोजेक्टवर आलेला एक परदेशी इंजिनियर परत जाताना आपलं सामान विकत होता, त्यातून शेठनी एक विचित्र वस्तू उचलून आणली आणि मिलच्या मागच्या आवारात, कोळशाच्या शेडला लागून उभी केली.

ती होती एक घडीची गाडी. दोन चाकांची, जीपच्या मागे जोडून ओढायची. बंद असली की छातीएवढी उंच चपटी पेटी. पुढच्या बाजूला हँडल. ते फिरवलं की आतल्या ड्रमवर वायररोप गुंडाळला जायचा, चार कोपऱ्यांतले नळीत नळी बसवलेले खांब वर सरकायचे, आणि अख्खं छप्पर माणसाच्या डोक्यावर जायचं. त्याच्याबरोबर कॅनव्हासच्या भिंती ताठ व्हायच्या. दोन्ही टोकांना पलंग ड्रॉवरसारखे बाहेर ओढायचे. आत शेगडी, छोटं बेसिन, हातपंप. शेठ तिला केम्पर म्हणायचे, आम्ही तंबूगाडी.

"पाटील," शेठ मला म्हणाले, "आ तारी. शिखी ले. दिवाळीमां बधाने दरिये लई जवाना छे."

म्हणजे ही आता तुझी, शिकून घे, दिवाळीत सगळ्यांना समुद्रावर न्यायचंय. शिकवायला कोणीच नव्हतं. गाडी जुनी, बरीच वर्षं उघडलेली नसावी. कॅनव्हासला बुरशी, टायर चिरलेले, पुल्या गंजून गच्च. हँडल एका बाजूला फिरवलं तर करकर, दुसऱ्या बाजूला फिरवलं तर काहीच नाही.

मदतीला मी भास्करला घेतलं. भास्कर म्हणजे माझ्या बायकोचा, सुनंदाचा, धाकटा भाऊ. दोंडाईच्याजवळच्या गावाहून नुकताच आला होता. मीच त्याला मिलमध्ये चिकटवलं होतं. वीस-बावीसचा, उंच, हसरा. सासूबाईंनी निरोप देताना एवढंच म्हटलं होतं, "पाव्हना, पोऱ्या तुमना हातमा दिधा." पोरगा तुमच्या हाती दिला.

भास्करला गुजराती येत नव्हती. घरी अहिराणी, शाळेतली मराठी, झालं. पहिल्याच आठवड्यात उधन्याहून आम्ही शटल रिक्षाने येत होतो. रिक्षा थांबली तसा हा बाकीच्यांच्या आधी उतरायला सरकला. ड्रायव्हर म्हणाला, "ऊभो रे, ऊभो रे." हा पठ्ठ्या ताडकन उभा राहिला. वरच्या दांडीवर डोकं आपटलं. अख्खी रिक्षा हसली.

गुजरातीत "ऊभो रे" म्हणजे थांब. सुरतेत दिवसातून शंभर वेळा ऐकू येतं. भास्करला काय माहीत? त्याच्या कानाला ते उभा राहाच.

मी समजावून सांगितल्यावर तोही टेंगूळ चोळत हसायला लागला, आणि तेव्हापासून त्याचा तो खेळच झाला. मी काही करताना "उभा राहा जरा" म्हटलं की हा साळसूद चेहरा करून विचारायचा, "दाजी, हाई कोनतं उभं? आपलं का त्यासनं?"

"त्यांचं रे बाबा, त्यांचं. थांब."

"मंग ठीक शे." आणि थांबायचा.

हे आमच्या दोघांतच होतं. घरी सुनंदासमोर सुद्धा कधी बोललो नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही वाटलंच नव्हतं.

तंबूगाडी शिकण्यात आमचे कित्येक रविवार गेले. ते दिवस चांगले होते, हे मला सांगायला हवं. रॉकेलमध्ये पुल्या भिजत घालायच्या, पितळी ब्रशने घासायच्या, ग्रीस भरायचं. चाकांचे बेअरिंग काढून पुसून परत बसवले. बेसिनच्या पंपाचा चामड्याचा वॉशर सुकून गेला होता, भास्करने जुन्या चपलेचं चामडं कापून नवा केला, आणि पंपातून पाणी आलं तेव्हा मला ओंजळ भरून दिली, "घ्या दाजी, तीर्थ." कॅनव्हासची बुरशी लिंबू-मीठ लावून उन्हात काढली. चार खांब एकसारखे वर यायला पाहिजेत, एक जरी मागे राहिला तर छप्पर तिरकं होऊन अडकतं, हे आम्ही अडकवून अडकवूनच शिकलो.

एक गोष्ट मात्र चुकीची शिकलो. छप्पर खाली आणताना कॅनव्हास आत ढकलत राहावा लागतो, नाहीतर तो पेटीच्या कडेत चिमटतो. हे काम दोघांनी बाहेरून फिरून करायचं असतं. आम्हाला ते सुचलं नाही. आम्ही काय करायचो, मी हँडलवर, आणि भास्कर आत. तो फरशीवर मांडी घालून बसायचा आणि कॅनव्हास आतून ओढून घ्यायचा. छप्पर पूर्ण बंद झालं तरी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर वीतभर जागा राहते. मग मी परत थोडं उचलायचो आणि तो सरपटत बाहेर यायचा. बसलेला असेपर्यंत धोका नाही. एवढाच नियम होता — मी सांगेपर्यंत उठायचं नाही.

आणि भास्करने तो नियम एकदाही मोडला नव्हता. एकदाही नाही.

अजून एक. हँडलच्या दातेरी चक्रात एक खिटी अडकते, तिच्यामुळे छप्पर आपोआप घसरत नाही. ती खिटी झिजली होती. मला माहीत होतं. पुढच्या रविवारी बदलू म्हणून ठेवलं होतं.

तो रविवार यायच्या आधीच शेठ पाहुणे घेऊन आले. त्यांचे व्याही, आणखी दोघेतिघे. दुपारची वेळ, आवारात खुर्च्या मांडल्या, थंड मागवलं. "पाटील, महेमानने खोलीने बताव." मी गाडी उघडून दाखवली. छप्पर वर गेलं तशी पाहुण्यांनी वाहवा केली. मी सगळं गुजरातीत समजावत होतो. खरं सांगायचं तर मिरवत होतो. व्याही शेठना म्हणाले, "आ तो आपणो ज लागे," हा तर आपलाच वाटतो, आणि मला ते आवडलं. भास्कर माझ्याशी काही बोलला तर मी त्यालाही गुजरातीत उत्तर देत होतो. त्याने एकदा माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी लक्ष दिलं नाही.

मग बंद करून दाखवायचं होतं. भास्कर आत जाऊन बसला. मी हँडल सोडायला लागलो. छप्पर निम्म्यावर आलं असेल… खिटी निसटली. हँडल माझ्या हातातून उडालं, मनगटावर लागलं, आणि छप्पर धाडकन खाली आलं. हातभर आलं आणि थांबलं. खिटी परत कुठेतरी अर्धवट अडकली होती. वायररोप थरथरत होता. मला दिसत होतं की ती धरणार नाही. आणि मला एवढंच कळत होतं की भास्करने हलता कामा नये, बसून राहायला पाहिजे.

मी ओरडलो, "ऊभो रे!"

कॅनव्हास फुगला. तो उठला होता. सांगितल्याबरोबर, जराही वेळ न लावता. कोणतं उभं, हे विचारायला वेळच नव्हता; घाबरलेल्या कानाला आपलंच ऐकू आलं.

मग खिटी सुटली.

पुढचं मी लिहीत नाही. मानेला लागलं होतं. हॉस्पिटलमध्ये पोहोचेपर्यंत काही उरलं नव्हतं. बसून राहिला असता तर छप्पर त्याच्या डोक्यावर वीतभर अंतरावर येऊन थांबलं असतं, आणि त्याने आतून काहीतरी टिंगल केली असती.

पोलीस आले, जबाब झाले. शेठ, व्याही, पाहुणे, सगळ्यांनी एकच सांगितलं, आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "एणे तो कीधेलुं, ऊभो रे. पेलो ऊठ्यो ज केम?" याने तर थांब म्हटलं होतं, तो उठलाच का? सगळं लिहून घेतलं गुजरातीत, आणि गुजरातीत त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मी खाली सही केली.

गावी गेलो. सासूबाई ओसरीवर बसल्या होत्या. रडून झालं होतं. त्यांनी मला एकच विचारलं, "तुम्ही त्याले काय म्हनेल व्हतात?"

मी म्हटलं, "थांब म्हणालो होतो."

त्या सुनंदाकडे बघून म्हणाल्या, "मन्हा पोऱ्याले दमच नव्हता." माझ्या पोराला धीरच नव्हता.

मी गप्प बसलो.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

गाडी सहा-सात महिने ताडपत्रीखाली पडून होती. मग शेठना गिऱ्हाईक मिळालं. जोगळेकर नावाचे एक बँकेतले साहेब, आपलेच, पुण्याकडचे. अठवा लाइन्सला राहायचे. त्यांच्या मेव्हण्याची जीप होती, सापुताऱ्याला जायची हौस होती. त्यांच्या मिसेस, म्हणजे बाई, शाळेत शिकवायच्या. शेठ मला म्हणाले, गाडी नीट करून दे आणि त्यांना चालवायला शिकव, मग ती जाईल एकदाची. मी नाही म्हणू शकलो असतो. पण का नाही म्हणतो, ते सांगावं लागलं असतं.

या वेळी मी काहीच बाकी ठेवलं नाही. दातेरी चक्र नवीन, खिटी नवीन, चारही वायररोप नवे. खांबांना आतून ग्रीस. शिवाय पाइपाचे चार टेके करून घेतले. छप्पर वर गेलं की खांबांना लावायचे, मग रोप तुटला तरी छप्पर पडणार नाही. हे काम मी एकट्याने केलं. एके दिवशी सकाळी मी गाडीखाली पाठीवर पडून पाट्यांच्या स्प्रिंगा ग्रीस करत होतो. छप्पर बंद होतं. अचानक स्प्रिंग दबली. माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर होती, पट्ट्या एकमेकींवर सरकताना मला दिसल्या. आत कोणी येऊन बसलं की दबते, तेवढीच. मी श्वास रोखून पडून राहिलो. वर फरशीवर काहीतरी हललं, मांडी बदलावी तसं. मग शांत. स्प्रिंग मात्र दबलेलीच.

मी बाहेर आलो, छप्पर उचललं. आत कोणी नव्हतं. स्प्रिंगा सरळ. मी स्वतःला सांगितलं, ग्रीस नवीन आहे, पट्ट्या बसताहेत. होतं असं कधीकधी.

जोगळेकर दर रविवारी यायचे. साहेब जरा पुस्तकी, प्रत्येक गोष्टीला "याचं लॉजिक काय?" विचारायचे. बाई हुशार, हात चालवणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बेअरिंगचं ग्रीस हाताला लावून घेतलं आणि साहेबांना म्हणाल्या, "तुम्ही फक्त फोटो काढा." मी त्यांना सगळं शिकवलं. ओला कॅनव्हास कधीही बंद करायचा नाही. चेनला मेणबत्ती घासायची. उतारावर गाडी लावायची नाही, चारही पाय टेकवल्याशिवाय आत जायचं नाही. छप्पर वर करायला शिकवलं. खाली करायचं तेवढं मी पुढे ढकलत होतो. ते गेले की एकटा बंद करायचो, बाहेरून फिरून फिरून कॅनव्हास आत ढकलत, आणि प्रत्येक वेळी आधी आत डोकावून.

शेवटी तोही रविवार आला. चारचा सुमार, लख्ख ऊन. शेठ पलीकडे खुर्चीवर बसून पेपर वाचत होते. साहेब माझ्याजवळ, हँडलपाशी. बाई आत कपाटाची दारं लावत होत्या. पलंग आत ढकलून झाले होते, टेके काढले होते. मी नवा नियम केला होता, छप्पर हलायच्या आधी सगळे बाहेर. मी शुद्ध मराठीत हाक मारली, "मॅडम, बाहेर या आता."

आतून बाई म्हणाल्या, "आपलंच आहे हो, राहू दे."

मला वाटलं साहेबांशी बोलताहेत. साहेब म्हणाले, "काय आपलं?"

बाई दारातून वाकून बाहेर आल्या. माझ्याकडे बघून जरा थबकल्या. "अय्या, पाटील, तुम्ही इथे आहात? मला वाटलं मागच्या बाजूने तुम्हीच विचारलंत."

"काय विचारलं?"

"ती सतरंजी पडली होती ना पलंगावर. मला वाटलं तिच्याबद्दलच. 'आपलं का त्यासनं?' असं काहीतरी. खानदेशी होतं. मी म्हटलं, आपलंच."

मला काय झालं ते सांगता येत नाही. उन्हात उभा होतो आणि पायाखालून गार पाणी जावं तसं वाटलं. साहेब हसले, म्हणाले, मिलमधलं कोणी असेल मागे. मागे कोळशाची शेड होती आणि भिंत. मी जाऊन पाहून आलो. कोणी नव्हतं. असतं तरी काय… ते वाक्य कोणाला माहीत होतं?

"चला, करू या खाली," साहेब म्हणाले.

मी हँडलला हात घातला. मनात म्हटलं, रिकामी गाडी आहे, दहा मिनिटांचं काम आहे. खिटी उचलली, हँडल सावकाश सोडायला लागलो. एक फेरा, आणखी एक फेरा. ड्रमवरून वायररोप सुटू लागला.

छप्पर हललं नाही.

मी आणखी सोडलं. रोप सैल पडून ड्रमवर वेटोळी व्हायला लागली. मी पूर्ण सोडला. हाताने धरून रोप हलवून पाहिला, वाळत घातलेल्या दोरीसारखा लोंबत होता. छप्पर वरच. टेके काढलेले, रोप सैल, आणि ते एवढं जड छप्पर चार ग्रीस केलेल्या नळ्यांवर तसंच उभं.

"जॅम झालं का?" साहेबांनी विचारलं.

चारही खांब एकदम जॅम होत नाहीत. एक झाला तर छप्पर तिरकं होतं. हे अगदी लेव्हलमध्ये होतं. मी खाली पाहिलं. स्प्रिंगा दबल्या होत्या. चाकांमधली पेटी आपल्या जागेपेक्षा जराशी खाली बसली होती, आत कोणी पाय रोवून उभं असावं तशी. आणि छपराचा मधला पत्रा, जो नेहमी थोडा खोलगट असायचा, तो वर आला होता. फार नाही. डोकं किंवा खांदा टेकवून कोणी भार घेतला तर येईल एवढाच.

बाईंनी "आपलं" म्हणून सांगितलं होतं. आपलं उभं म्हणजे उभा राहा. तो राहिला होता.

"मी आत जाऊन बघतो," साहेब म्हणाले आणि दाराकडे वळले. मी त्यांचा दंड धरला. जरा जोरातच धरला असेन.

"आत जाऊ नका."

"अहो, पण लॉजिक काय याचं?"

"आत जाऊ नका, साहेब."

माझा आवाज ऐकून शेठ पेपर ठेवून आले. "शुं थयुं, पाटील?" त्यांनी छप्पर पाहिलं, सैल रोप पाहिला, आणि माझ्याकडे पाहिलं. कॅनव्हास वाऱ्याने हलावा तसा आत-बाहेर होत होता. वारा नव्हता.

मला काय म्हणायचं ते माहीत होतं. दोन शब्द होते, "त्यासनं उभं". मोठ्याने म्हणायचे होते, त्या आवारात, शेठसमोर. त्यांनी विचारलं असतं, कोणाशी बोलतोस? काय "त्यांचं"? बाईंना मराठी येत होती, शेठना गुजराती, आणि दोघं शेजारी उभी होती. दोघांनी एकमेकांना एकच प्रश्न, "ऊभो म्हणजे काय?", विचारला असता तरी सगळं उघडं पडलं असतं. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तो वर छप्पर धरून उभा होता आणि मी माझा जबाब सांभाळत होतो.

मी म्हटलं, "खांब उन्हाने फुगलेत. आज राहू दे." रोप परत गुंडाळून ताणला आणि टेके लावायला लागलो. टेके खांबांत सहज गेले, कुठेही फुगवटा नव्हता. ते साहेबांनीही पाहिलं. निघताना बाई जवळ आल्या, हळूच म्हणाल्या, "पाटील, आत कोण होतं?"

"कोणी नाही, मॅडम."

त्याला मी नाकारलं, हे दुसऱ्यांदा.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मागे गेलो. सगळे डबे घेऊन पुढच्या शेडमध्ये बसलेले. मी चारही टेके काढले, रोप पूर्ण सैल सोडला. छप्पर तसंच. मी दारापाशी गेलो. आत ऊन कॅनव्हासमधून पिवळं होऊन आलेलं, शेगडी, बेसिन, फरशी. कोणी दिसत नव्हतं. पण जागा रिकामी वाटत नव्हती. कोणीतरी सांगण्याची वाट बघतंय, असं वाटत होतं.

मी म्हटलं, "त्यासनं व्हतं रे, भास्कर. त्यासनं उभं. थांब म्हणालो होतो तुला… मी बोलायला चुकलो. तू नाही. बस आता."

छप्पर खाली यायला लागलं. पडलं नाही. सैल रोपावर, काहीही आधार नसताना, सावकाश आलं, दमलेला माणूस गुडघ्यांवर हात ठेवून बसतो तसं, मध्ये जरा थांबत. कॅनव्हास कडेला कुठेही चिमटला नाही. सगळा आत ओढला गेला, नीट, चारही बाजूंनी. आतून ओढल्यासारखा.

मी कडी लावली आणि तिथेच खाली बसून राहिलो. सुट्टी संपल्याचा भोंगा झाला तरी उठलो नाही.

जोगळेकरांनी गाडी घेतली नाही, कारण सांगितलं नाही. पुढे शेठनी ती भंगारात काढली. मीही ती मिल सोडली. उष्णतेने नळ्या फुगतात, कॅनव्हास ताठ झाला तर थोडा भार घेतो, हे सगळं मी लावून पाहिलं आहे. त्या छपराचा भार कॅनव्हास घेत नाही. आणि बाईंनी ऐकलेल्या वाक्याला तर लावायला माझ्याकडे काहीच नाही. इथे कोणी जाणकार असतील तर जरूर सांगा, मी चिडणार नाही.

पण खरं तर त्यासाठी लिहिलं नाही.

सासूबाई आहेत अजून. कमरेतून वाकल्यात, पण आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सुनंदा माहेरी जाते, मीही पोहोचवायला जातो. नातवंडांपैकी कोणी ताटावर घाई केली, जिना धावत उतरलं, की त्या म्हणतात, मामासारखं करू नको, थांबायला शीक. माझ्या मुलाला त्यांनी हे लहानपणापासून सांगितलं. आता माझा मुलगा त्याच्या मुलीला सांगतो. ज्याने भास्करला पाहिलं नाही अशा त्या घरातल्या प्रत्येकाला त्याच्याबद्दल एवढी एकच गोष्ट माहीत आहे, की त्याला धीर नव्हता. मी तिथेच बसलेला असतो. ताटात बघत असतो.

भास्करला मी सांगितलं, तेही कोणी ऐकत नसताना. त्याच्या आईला नाही सांगितलं. त्यांचा मुलगा घाईने गेला नाही, मी सांगितलेलं ऐकून गेला. एवढं एक वाक्य मी त्यांना देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही.